डाव्या पेडलचे आटे

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीट करून दिलं आहे.)



संयोजकांनी मला ‘निवृत्तीनंतरचा छंद’ हा विषय दिला आहे. जेवणात जिलबी होती आणि माझ्या आधीच्या वक्त्यानं दहाची वीस मिनिटं केली, तेव्हा कोणाचे डोळे मिटले तर मी मनाला लावून घेणार नाही. माझा छंद सायकल. पण छंदाबद्दल सांगण्यासारखं फार काही नसतं. पहाटे उठायचं, सायकल काढायची, दमून परत यायचं, पोहे खायचे. त्यापेक्षा गेल्या पावसाळ्यानंतर सायकलच्या एका दुकानाशी माझं जे काही झालं ते सांगतो. त्यात आपल्या टेक्निकलच्या सरांचा संबंध आहे, आणि सर आज पहिल्या रांगेत बसलेले आहेत.

पुणं हे सायकलींचं शहर होतं, हे आपल्या मुलांना सांगून पटत नाही. शाळेमागची ती पत्र्याची शेड आठवा. अॅटलास, हीरो, हर्क्युलिस, बीएसए अशा रांगा. मधली सुट्टी झाली की एक सायकल पडायची आणि तिच्यामागे चाळीस आडव्या व्हायच्या. महापालिकेचा बिल्ला लावलेला असायचा. डबलसीट दिसलो की पोलीस उतरवायचा, आणि रात्री दिवा नसला की चाकातली हवा सोडून द्यायचा. मग चालत नाक्यावरच्या दुकानात.

त्या दुकानात पाण्याचं घमेलं, त्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघायचे, कानशीनं घासायचं, सोल्यूशन, पॅच. आणि वर्षातून एकदा ‘ओव्हरऑइलिंग’. हा शब्द मूळचा ‘ओव्हरहॉलिंग’ आहे हे मला कारखान्यात लागल्यावर कळलं. तोपर्यंत मी समजत होतो की त्या दिवशी सायकलला तेल जरा जास्त घालतात.

ते दुकान फार थोर होतं असं मी म्हणणार नाही. कॉटरपिन हातोडीनं ठोकून बसवायचे, बसली नाही तर आणखी जोरात ठोकायचे. छर्रे बदलायला सांगितले तर जुनेच धुऊन परत घालायचे. पण एक होतं. काल काढलेलं पंक्चर आज सकाळी पुन्हा बसलेलं दिसलं, तर सायकल नेऊन उभी करायची. तो मान वर न करता म्हणायचा, “कालचंच ना? लाव तिकडं.” एवढंच. पैसे नाहीत, वाद नाही. ज्यानं पॅच लावला तोच समोर उकिडवा बसलेला असायचा, त्यामुळे चूक कोणाची हे शोधायला कुठं जावं लागत नसे.

आता माझी गोष्ट. भोसरीच्या एका कारखान्यात मी चौतीस वर्षं तपासणी विभागात काढली. आलेल्या मालाचे आटे गेजनं तपासायचे, पास की नापास ते लिहायचं. निवृत्त झाल्यावर मुलीनं आग्रह केला म्हणून ३८,००० रुपयांची गिअरची सायकल घेतली. पहिले आठ दिवस किंमत घरात कोणाला सांगितली नव्हती. आपल्या ‘ब’ तुकडीतला एक जण माझ्याबरोबर असतो. तो मागे बसून आत्तापासूनच हसतोय.

सप्टेंबरच्या शेवटी सायकल सर्व्हिसिंगला दिली. दुकान मोठं, काचेचं, आत वातानुकूलन. नाव सांगणार नाही. वाद मिटला आहे, आणि मिटल्यावर नाव घेत फिरणं बरं नव्हे. १,४०० रुपयांची पावती झाली. तिच्यावर कामांची यादी होती: चेन धुणे, गिअर लावणे, ब्रेक लावणे, पेडल काढून ग्रीस करणे. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा.

शुक्रवारी सायकल घरी आली. शनिवारी सकाळी पर्वतीपर्यंत एक फेरी झाली. रविवारी आम्ही दोघं कोंढव्यावरून बोपदेव घाटाला निघालो, सासवडला जाऊन मिसळ खाऊन परत यायचा बेत. घाटाच्या मधल्या चढावर मी सीटवरून उठलो आणि उभा राहून पेडल मारायला लागलो. डाव्या पायाखाली काहीतरी किरकिरलं, आणि पुढच्या क्षणी पाय, बूट आणि पेडल असे तिघंही सायकलपासून वेगळे झाले. डावा पाय खाली गेला तसा मी डावीकडे आपटलो, कडेच्या खडीत. मागून खडीचाच ट्रक येत होता, तो उजवीकडून निघून गेला. मी उजवीकडे पडलो असतो तर आजचं भाषण दुसऱ्या कोणीतरी केलं असतं आणि विषय मी असतो.

मनगटाचं हाड मोडलं नव्हतं, पण तीन आठवडे पट्टा बांधावा लागला. आमचे ‘ब’ तुकडीवाले आधी मला उचलायला आले, मग सायकल. मी मात्र पेडल शोधत होतो. सवय. नापास माल हातात घेऊन बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आता जरा बारकाईनं ऐका. पेडल ज्या दांड्याला लावतात त्याला क्रँक म्हणतात. आपल्या वेळच्या सायकलींना तो पोलादी असायचा. आता माझ्यासारख्या सायकलींना अॅल्युमिनियमचा असतो, आणि पेडलची कणी मात्र पोलादीच. पोलादी कणी अॅल्युमिनियमच्या भोकात तिरकी धरून लांब दांड्याच्या पान्यानं फिरवली, तर ती अडत नाही. जुने आटे कापत, स्वतःची नवी वाट करत आत शिरते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, झकास बसलं. पण धरून ठेवायला आत काही उरलेलं नसतं. एक-दोन दिवस ते तग धरतं. चढावर सगळं वजन एका पायावर आलं की सुटतं.

रस्त्याच्या कडेला बसून मी जे पाहिलं ते असं. पेडलच्या कणीच्या आट्यांत अॅल्युमिनियमचा कीस भरलेला होता. क्रँकच्या भोकात एका बाजूचे आटे शाबूत आणि दुसऱ्या बाजूला दुहेरी कापलेले. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्रँकच्या तोंडावरची खूण. पेडल सरळ बसलेलं असेल तर त्याच्या कॉलरची खूण भोकाभोवती पूर्ण गोल उमटते. माझ्या क्रँकवर फक्त अर्धी चंद्रकोर होती. याचा अर्थ ते पेडल दुकानातून निघतानाच तिरकं होतं. वापरून सैल झालेलं पेडल अशी खूण सोडत नाही.

‘ब’ तुकडीवाल्यांच्या मोबाइलवर तिथंच फोटो काढले. ९०० रुपये देऊन टेम्पोनं घरी आलो. शेजारच्या सायकलवाल्यानं सांगितलं, “द्या काका, तासाभरात करून देतो.” मी दिली नाही. दुसऱ्याचा हात एकदा लागला की पहिल्याचं काम पुसलं जातं. तपासणीवाल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

सोमवारी पट्टा बांधलेला हात घेऊन दुकानात गेलो. काउंटरवरच्या व्यवस्थापकानं पेडल हातातही न घेता सांगितलं, “काका, सैल झालेलं तुम्ही तसंच चालवलं असणार.” मी चंद्रकोर दाखवली. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पत्रिका दाखवतोय. मग पावतीच्या मागचा बारीक मजकूर दाखवला: सायकल दुकानाबाहेर गेल्यावर जबाबदारी राहणार नाही. मग मालक आले. ते सौजन्यानं बोलले, खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांचा पहिला प्रस्ताव होता, आट्यांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळून पेडल पुन्हा बसवून देतो. ती टेप नळाला लावतात, गळू नये म्हणून! दुसरा प्रस्ताव, नवीन क्रँक घ्या, वीस टक्के सूट देतो.

भोक मोठं करून आत पोलादी बुश बसवता येतो, हे मला माहीत होतं. चांगल्या कारागिरानं केलं तर ते उत्तम काम आहे आणि स्वस्त पडतं. पण ज्या दुकानात सरळ आटा धरता आला नाही, तिथं बुशसाठी सायकल परत देण्याचा धीर मला झाला नाही.

एवढ्यात मालकांनी आतून एका मुलाला बोलावलं. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. हातांना ग्रीस, मान खाली. माझ्यासमोर त्याला म्हणाले, “बघ काय केलंस. हे सगळं तुझ्या पगारातून कापणार.” चार गिऱ्हाइकं बघत होती. मुलगा काही बोलला नाही. एकदा माझ्या मनगटाकडे बघितलं, एवढंच.

माझा राग तिथं फिरला. तोपर्यंत मला माझे पैसे हवे होते. आता मला ते त्या मुलाच्या खिशातून नको होते. मी मालकांना म्हटलं, “पावती दुकानाच्या नावाची आहे. १,४०० रुपये मी याला दिलेले नाहीत, तुम्हाला दिलेत.” ते हसले आणि म्हणाले, “काका, धंदा असा चालत नाही.” मी चहा तसाच ठेवून उठलो.

संध्याकाळी आपल्या वर्गातल्या वकीलबाईंना फोन केला. शाळेत असताना वर्गाच्या वर्गणीचा हिशेब पैशापर्यंत मागणाऱ्या त्या होत्याच. त्यांनी सांगितलेलं इथं सांगतो, कारण इथं बसलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी लागेल. पैसे देऊन करून घेतलेलं काम सदोष निघालं, तर कायद्याच्या भाषेत ती ‘सेवेतील त्रुटी’. वस्तू विकत घेतली असली पाहिजे असं काही नाही, दुरुस्तीही त्यात येते. १९८६ सालचा पहिला कायदा जाऊन २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, दुकान कुठंही असो. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. हे सांगताना बाई जरा नाराज वाटल्या. आणि पावतीमागे ‘जबाबदारी राहणार नाही’ छापलं म्हणून कायदा पुसला जात नाही. त्याआधी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तिथं फोन करून पाहता येतो. या सगळ्या चळवळीचं एक मूळ पुण्यातच आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली इथं ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा आपण चौथीच्या शिष्यवृत्तीची गणितं घोटत होतो.

बाई म्हणाल्या, आयोग नंतर, आधी पत्र. पत्रात शिव्या नाहीत, रडगाणं नाही. तारीख, पावती क्रमांक, काय काम सांगितलं, काय झालं, काय दिसतं, काय हवं, किती दिवसांत. मी मागितलं ते इतकंच: डावा क्रँक नवा, पेडलची जोडी नवी, टेम्पोचे ९००, एक्स-रेचे ६५०. पंधरा दिवसांची मुदत. फोटो जोडले. आणि शेवटी मी एक ओळ घातली की ही भरपाई दुकानानं द्यावी, कामगाराच्या पगारातून वसूल करू नये. बाई म्हणाल्या, “ही मागणी कायद्यात बसत नाही.” मी म्हटलं, “पत्रात तर बसते.” ती राहिली. पत्र पोस्टानं पोचपावतीसह पाठवलं.

अकराव्या दिवशी मालकांचा फोन आला. आवाज वेगळा होता. त्यांनी ते फोटो सायकल कंपनीच्या माणसाला दाखवले होते, आणि चंद्रकोर त्यानं बरोबर वाचली होती. क्रँक, पेडल, टेम्पोचं भाडं मान्य. एक्स-रेचं मात्र “बघू”. ते ६५० रुपये आजतागायत आलेले नाहीत. वकीलबाईंचं म्हणणं, त्यासाठीही जायला हवं होतं. मी गेलो नाही, आणि त्या माझ्यावर अजून रागावलेल्या आहेत. ‘एवढ्यासाठी कशाला’ म्हणून आपण सोडतो आणि दुकानदाराला ते पक्कं माहीत असतं, हा त्यांचा मुद्दा मला खोडता येत नाही. पण मला सायकल हवी होती, आणि दुसरं एक हवं होतं ते मी फोनवरच मागून घेतलं. नवा क्रँक माझ्यासमोर बसवायचा, आणि त्याच मुलानं बसवायचा. मालकांना ते विचित्र वाटलं. त्यांनी दुसरा, जुना कारागीर देऊ केला. मी नको म्हटलं.

शनिवारी गेलो. मुलगा घाबरलेला. त्यानं क्रँक बसवला, व्यवस्थित बसवला, त्यात त्याला काही सांगावं लागलं नाही. मग पेडल घेतलं, भोकाला लावलं आणि पाना उचलला. मी म्हटलं, “पाना ठेव खाली.”

सर, आठवीत टेक्निकलच्या तासाला तुम्ही आमच्या हातात टॅप आणि लोखंडाची पट्टी दिली होतीत. आटा पाडताना पहिल्या फेऱ्या हलक्या हातानं, काटकोन बघत. अडलं तर मागे फिरव, पुन्हा धर. आमच्यातल्या एकानं जोर केला आणि टॅप मोडला, तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत. मोडलेला तुकडा सगळ्या वर्गात फिरवलात, प्रत्येकाला हातात घेऊन बघायला लावलंत. तो टॅप कोणी मोडला ते मी आज सांगत नाही, ते आता मोठे बिल्डर आहेत.

तेच मी त्या मुलाला सांगितलं. कणीला ग्रीस लाव. पेडल दोन बोटांत धर. आधी उलटं फिरव, आटा जिथं टक्‌ करून बसतो तिथं थांब, मग आत घे. पहिले चार आटे बोटांनी गेले पाहिजेत. जात नसतील तर तिरकं आहे, काढ. सगळं हातानं आत गेलं की मगच पाना. त्यानं केलं. पहिल्यांदा अडलं, त्यानं काढलं, पुन्हा धरलं. दुसऱ्यांदा लोण्यात सुरी जावी तसं गेलं. त्याच्या चेहऱ्यावरचं ते कळल्याचं हसू, सर, तुम्ही आमच्या चेहऱ्यांवर पाहिलं असेल.

मग त्यानं विचारलं, “काका, डाव्याचे आटे उलटे का असतात?” दीड वर्षं तो त्या दुकानात काम करत होता. दिवसाला आठ-दहा सायकली हातावेगळ्या करायच्या, हा हिशेब त्याला पहिल्या दिवशी सांगितला गेला होता. हे मात्र कोणीच सांगितलं नव्हतं. डावीकडचं पेडल उलटं फिरवायचं, एवढं त्याला पाठ होतं, आणि घाईत पेडल नीट लागत नाही असं वाटलं की पाना लांब घ्यायचा, हेही.

मी काउंटरवरची पेन्सिल घेतली. तुम्हीही घरी जाऊन करून बघा. पेन्सिल मुठीत सैल धरा आणि तिचं बाहेरचं टोक गोल गोल फिरवा. पेन्सिल मुठीत स्वतःभोवती फिरते, पण उलट्या दिशेनं. पेडलच्या कणीचं तेच होतं. पायाचा दाब प्रत्येक फेरीत तिला थोडं थोडं फिरवत असतो. उजवीकडे सुलटे आणि डावीकडे उलटे आटे ठेवले की हे फिरणं दोन्हीकडे घट्ट करण्याच्या बाजूनं जातं. विमानवाले राइट बंधू मुळात डेटन गावचे सायकल दुकानदार. ते स्वतःच्या सायकली बनवायचे आणि त्यांच्या पेडललाही डावीकडे उलटे आटे होते. मुलाला विमानाचं ऐकून जास्त मजा वाटली. आणि लक्षात ठेवायची खूण एवढीच: पाना पेडलच्या वरच्या बाजूला उभा धरायचा. दोन्हीकडे तो पुढच्या चाकाकडे ढकलला की घट्ट, मागे ओढला की सैल. डावं-उजवं डोक्यात ठेवायची गरजच नाही.

मालक दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी विचारलं, “काका, महिन्यातून एखादा शनिवार याल का?” मी मानधन विचारलं. ते पुन्हा हसले. जातो मी, फुकट. त्या बदल्यात मी दुकानात एक कागद लावून घेतला आहे: ज्यानं काम केलं त्याची सही पावतीवर आणि दुसऱ्यानं तपासल्याची सही तिच्याखाली. सुरुवातीला तो नेमानं पाळला गेला. दिवाळीच्या गर्दीत पुन्हा ढिलाई झाली. मी गेलो की सह्या होतात, नाही गेलो की होत नाहीत. मुलाचा पगार कापला का, हे मी त्याला दोनदा विचारलं. पहिल्यांदा नाही म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला, “जाऊ द्या ना काका.” यातलं खरं कोणतं ते मला कळत नाही, आणि मालकांना विचारलं तर ते चहा मागवतात.

बोपदेव घाट मात्र आम्ही पुन्हा चढलो. मिसळही खाल्ली. ‘ब’ तुकडीवाल्यांनी पैसे दिले, हे नोंदवून ठेवा, त्यांची अशी नोंद सहसा कुठं सापडणार नाही.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. एकच निरोप. आज आपल्यातले तिघं जण सायकलवर आले आहेत, जुन्या शेडच्या जागी उभ्या आहेत त्यांच्या सायकली. जेवणाआधी मी सवयीनं हात लावून पाहिला. त्यातल्या निळ्या सायकलीचं डावं पेडल अर्ध्या आट्यानं सैल आहे. ज्याची असेल त्यानं चहाच्या वेळी मला भेटावं. पंधरा नंबरचा पाना माझ्या पिशवीत आहे.